शब्दचर्चा: ‘करार विवाह’, ‘धर्मस्वातंत्र्य’, ‘सुवार्तावादी’: माइक जॉन्सन यांच्याबद्दल मराठीत लिहिताना

अडलेला_अनुवाद:
अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे स्पीकर माइक जॉन्सन यांच्या धार्मिक आणि सामाजिक भूमिकांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह, इव्हँजेलिकल, कव्हनंट मॅरेज, सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट, रिलिजस लिबर्टी, प्रो-लाइफ हे शब्द अडले आहेत. पहिला खर्डा असा:

“सनातनी ख्रिस्ती धर्मप्रचारक असलेले सभापती जॉन्सन यांनी करार विवाह केला असून चर्च आणि राज्य यांची फारकत त्यांना थोतांड वाटते. धर्मस्वातंत्र्य विधेयक आणि गर्भधारणेपासून जीवन विधेयक यांचे ते पाठीराखे आहेत.”

कुठे चुकतंय ते सांगा.

नगरी_बोरू:
जवळजवळ प्रत्येक शब्दाला ठेच आहे. सर्वांत मोठा घोळ ‘करार विवाह’चा, म्हणून तिथून सुरुवात.

मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘कव्हनंट’ला ‘करार’ हाच शब्द आहे. जुना करार, नवा करार यांतला करार तोच. देवाने अब्राहामाशी केलेला, मोडण्यासाठी नसलेला. चर्चमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला तो बरोबर कळेल. बाकीच्यांना मात्र करार म्हटलं की अकरा महिन्यांचा भाडेकरार आठवतो. ‘करार विवाह केला’ वाचून ते समजतील, दोघांनी मुदत घालून, अटी लिहून लग्न केलं. म्हणजे अर्थ नेमका उलटा. लग्न हा नुसता व्यवहार राहू नये, ते सहज मोडता येऊ नये, यासाठीच तर हा कायदा झाला.

कायदा_कलम:
त्यात भर. हा प्रकार अमेरिकेत फक्त तीन राज्यांत आहे: लुइझियाना (1997), ॲरिझोना (1998) आणि आर्कान्सॉ (2001). जॉन्सन लुइझियानाचे, लग्न 1999 चं. तिथे नेहमीचं लग्न आणि हे लग्न असे दोन पर्याय जोडप्यापुढे असतात. दुसरा निवडला तर लग्नाआधी समुपदेशन सक्तीचं. ते पाळक, धर्मगुरू किंवा व्यावसायिक समुपदेशक कुणीही करू शकतो. मग दोघांचं हेतुपत्र, प्रतिज्ञापत्र आणि समुपदेशकाचा दाखला हे लग्नाच्या परवान्याच्या अर्जासोबत द्यायचं. आधीच लग्न झालेल्यांनाही हेतुपत्र देऊन या प्रकारात येता येतं.

खरा फरक घटस्फोटाच्या वेळी पडतो. साध्या लग्नात दोष सिद्ध न करता, लहान मुलं नसतील तर 180 दिवस आणि असतील तर 365 दिवस वेगळं राहून घटस्फोट मिळतो. या प्रकारात आधी पुन्हा समुपदेशन (मारहाणीच्या प्रकरणात सूट), आणि मग ठरावीक कारणांपैकी एक लागतं: व्यभिचार, देहान्त किंवा सक्तमजुरीची शिक्षा झालेला गुन्हा, एक वर्ष घर सोडून परत यायला नकार, जोडीदाराचा किंवा मुलाचा शारीरिक वा लैंगिक छळ, नाहीतर सलग दोन वर्षं वेगळं राहणं. न्यायालयाकडून विभक्तता घेऊनही पुढे जाता येतं, पण त्यातही वर्ष-दीड वर्ष जातं.

म्हणून ‘अविभाज्य विवाह’ हेही चुकीचं. घटस्फोट आहे, वाट लांबची आहे.

शब्दवेल्हाळ:
‘अभंग विवाह’ कसा वाटतो?

नगरी_बोरू:
टाळ-मृदंग घेऊन लोक दारात येतील हो. ‘वचनबद्ध विवाह’ही नको, कारण वचन नसलेलं लग्न कुठलं? माझं मत: ‘कव्हनंट विवाह’ असाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘घटस्फोटाच्या वाटा मुद्दाम अरुंद केलेला लग्नाचा प्रकार’ एवढं जोडा. शब्द घडवण्यापेक्षा अर्धं वाक्य खर्च करणं बरं.

पेठेतला_पंतोजी:
आता ‘फारकत’. शब्द मला आवडतो. फारकत आधी जोडलेल्यांची होते, आणि इथे तसंच घडलेलं आहे. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अधिकृत धर्म ठरवण्याबाबत बंधन घातलं ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर. घटकराज्यांत अधिकृत चर्च चालूच होती. कनेक्टिकटमधली 1818 पर्यंत, मॅसॅच्युसेट्समधली 1833 पर्यंत. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी तक्रार केली, कारण ते अल्पसंख्य आणि राजाश्रय काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चला. त्यांना राष्ट्राध्यक्ष जेफरसनने 1 जानेवारी 1802 रोजी जे उत्तर पाठवलं त्यात चर्च आणि शासन यांच्यामधली ती प्रसिद्ध ‘भिंत’ आहे.

जॉन्सन स्वतः बाप्टिस्ट. नोव्हेंबर 2023 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी या फारकतीच्या संकल्पनेला ‘मिसनोमर’ म्हटलं. मिसनोमर म्हणजे चुकीचं पडलेलं नाव. ‘थोतांड’ हा त्याचा अर्थ नव्हे. त्यांचा युक्तिवाद असा, की हे शब्द घटनेत नाहीत, एका पत्रातले आहेत, आणि ती भिंत सरकारने चर्चमध्ये घुसू नये म्हणून आहे, श्रद्धेने सार्वजनिक जीवनाबाहेर राहावं म्हणून नव्हे. विरोधकांचं म्हणणं, 1947 च्या एव्हरसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीच भिंत घटनादुरुस्तीचा अर्थ म्हणून स्वीकारली आणि घटकराज्यांनाही लागू केली. तेव्हा शब्द पत्रातले असले तरी कायदा झाले. ‘थोतांड’ लिहिलंत की हा वादच वाचकापर्यंत पोचत नाही. ‘हे नावच दिशाभूल करणारं आहे, असं त्यांचं मत’ लिहा.

कायदा_कलम:
आणि ‘राज्य’ हा शब्दही काढा. अमेरिकेबद्दल लिहिताना वाचक राज्य म्हणजे लुइझियाना, टेक्सास असं धरतो. इथे मात्र सत्ता, शासन हा अर्थ आहे. ‘चर्च’ म्हणजेही इमारत नव्हे. ‘धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांची फारकत’ हे जरा लांबलचक आहे, पण दोन्ही खड्डे चुकतात. त्याजागी ‘धर्मनिरपेक्षता’ टाकून मोकळे होऊ नका. आपल्याकडच्या धर्मनिरपेक्षतेत सरकार मंदिरांचे विश्वस्त नेमू शकतं, यात्रेला अनुदान देऊ शकतं. अमेरिकेत यांतली प्रत्येक गोष्ट कोर्टात जाईल.

अडलेला_अनुवाद:
‘धर्मस्वातंत्र्य’ तरी चालेल ना? शब्दशः बरोबर आहे.

कायदा_कलम:
शब्दशः बरोबर, म्हणूनच फसवा. भारतात ‘धर्मस्वातंत्र्य’ नावाचे कायदे म्हणजे धर्मांतरावर बंधन घालणारे कायदे. ओडिशाचा 1967 चा, मध्य प्रदेशचा 1968 चा. ‘जॉन्सन धर्मस्वातंत्र्य विधेयकाचे पाठीराखे’ वाचून मराठी वाचक काय समजेल ते तुम्हीच ठरवा.

तिकडे हा शब्द बहुतेक वेळा वेगळ्याच अर्थाने येतो: श्रद्धेच्या कारणाने एखाद्या कायद्यातून किंवा नियमातून मिळणारी सूट. जॉन्सन लुइझियानाच्या विधानसभेत असताना त्यांनी 2015 मध्ये आणलेलं ‘मॅरेज अँड कॉन्शन्स’ विधेयक बघा. लग्नाबद्दलच्या श्रद्धेवरून कुणी वागलं, तर सरकारने त्याचा कर-दर्जा, परवाना किंवा कंत्राट काढून घेऊ नये, असा त्याचा गाभा. समलिंगी जोडप्यांशी भेदभाव करायला ही पळवाट होईल, हा आक्षेप. समितीने ते 10 विरुद्ध 2 मतांनी अडवलं आणि गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी त्याच दिवशी तशाच आशयाचा कार्यकारी आदेश काढला.

अशा ठिकाणी ‘श्रद्धेच्या आधारे सवलत’ लिहा. विधेयकाच्या नावातल्या ‘कॉन्शन्स’साठी ‘सदसद्विवेकबुद्धी’ आहे. आपल्या घटनेच्या मराठी पाठात 25 व्या अनुच्छेदात तोच शब्द आहे. जिभेला व्यायाम आहे, पण अचूक आहे.

दवाखाना_डायरी:
‘प्रो-लाइफ’ला ‘जीवनवादी’ करू नका, एवढीच विनंती. मराठीत जीवनवादी-कलावादी हा वाद खांडेकर-फडक्यांच्या काळापासून चालत आला आहे. भलत्याच बाकावर जाऊन बसाल. ‘गर्भपातविरोधी’ हे वर्णन सरळ आहे. त्यांचा स्वतःचा शब्द दाखवायचाच असेल तर अवतरणात ‘प्रो-लाइफ’.

याहून गंभीर चूक ‘गर्भधारणेपासून जीवन’मध्ये आहे. ‘लाइफ ॲट कन्सेप्शन’ विधेयकाच्या मजकुरात व्यक्तित्वाची सुरुवात फलनाच्या क्षणापासून धरली आहे. जॉन्सन त्याचे सहप्रस्तावक होते. फलन म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज यांचं मीलन. गर्भधारणा मराठीत बाईला होते. वैद्यकात भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की ती झाली असं धरतात, आणि रुजायला फलनानंतर सहा ते दहा दिवस लागतात. प्रयोगशाळेत गोठवलेल्या भ्रूणाच्या बाबतीत फलन झालेलं असतं, गर्भधारणा झालेलीच नसते. तुम्ही ‘गर्भधारणेपासून’ लिहिलंत तर आयव्हीएफवरून (प्रयोगशाळेत फलन करून मूल होण्यासाठीचे उपचार) एवढा गदारोळ का झाला, हे वाचकाला समजणारच नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भ्रूणही ‘मूल’ या व्याख्येत धरले आणि तिथल्या काही केंद्रांनी उपचार थांबवले. जॉन्सन यांनी आयव्हीएफला आपला पाठिंबा असल्याचं सांगितलं, पण त्या विधेयकाच्या प्रतिनिधिगृहातल्या मसुद्यात आयव्हीएफसाठी अपवाद लिहिलेला नव्हता. लेखात हा भाग असेल तर ‘भ्रूण’ आणि ‘गर्भ’ हेही वेगळे ठेवा: आठव्या आठवड्यापर्यंत भ्रूण, पुढे गर्भ.

गर्भपातावर ‘सहा आठवड्यांची बंदी’ असं आलं, तर ते आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात हेही कंसात टाका. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत त्यांतले साडेचार-पाच गेलेले असतात. आणि ‘गर्भपात झाला’ व ‘गर्भपात केला’ यांत गल्लत नको. पहिला आपोआप होतो, तिकडचे कायदे दुसऱ्याबद्दल आहेत.

नगरी_बोरू:
‘धर्मप्रचारक’ काढा. जॉन्सन पेशाने वकील. अलायन्स डिफेन्स फंड (आजचं अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम) या ख्रिस्ती कायदेविषयक संस्थेसाठी खटले लढवायचे. मराठी चर्चमध्ये ‘सुवार्तिक’ म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारा, मंडळीने नेमलेला माणूस, इंग्रजीतला इव्हँजेलिस्ट. ‘इव्हँजेलिकल’ ही श्रद्धेची धाटणी आहे. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी तिची चार लक्षणं दिली आहेत: बायबल हाच अंतिम आधार, वधस्तंभावरचं प्रायश्चित्त केंद्रस्थानी, प्रत्येकाला स्वतःचा ‘नवा जन्म’ हवा, आणि श्रद्धा कृतीत दिसायला हवी. याला ‘सुवार्तावादी’ बसतो.

‘सदर्न बाप्टिस्ट’चं ‘दाक्षिणात्य बाप्टिस्ट’ केलं तर डोळ्यांपुढे चेन्नई येईल. ते पंथाचं नाव आहे, 1845 साली गुलामगिरीच्या वादातून वेगळं झालेलं, तसंच ठेवा.

ऑक्टोबर 2023 मध्ये स्पीकर झाल्यावर, अधिकारावर माणसं देवच आणतो असं पवित्र शास्त्र सांगतं, या अर्थाचं ते बोलले होते. काहींनी याचं ‘स्वतःला देवदूत समजतात’ केलं. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातला हा विचार चर्चमध्ये रोजचा आहे. तो विरोधी पक्षाच्या अधिकाऱ्यालाही लागू होतो. पटो न पटो, अर्थ तेवढाच द्या.

पेठेतला_पंतोजी:
‘सनातनी’ही नको. एकतर तो हिंदू संदर्भाचा, शिवाय ‘सनातनी ख्रिस्ती’ वाचून कुणाला ऑर्थोडॉक्स चर्च वाटेल. जुन्या वर्तमानपत्रांनी ब्रिटिश कॉन्झर्व्हेटिव्हांना ‘हुजूरपक्ष’ केलं होतं. झकास शब्द, पण अमेरिकेत हुजूर कुठले? ‘परंपरावादी’ सामाजिक बाजूला ठीक बसतो: समलिंगी विवाहांना संरक्षण देणाऱ्या 2022 च्या ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज’ कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं, ते त्यात येतं. पण मर्यादित सरकार, कमी कर, मुक्त बाजार हेही तिकडच्या कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दात असतं. 2019 ते 2021 ते ज्या रिपब्लिकन स्टडी कमिटीचे (प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन सदस्यांचा गट) प्रमुख होते ती मुख्यतः याच गोष्टी मांडते. त्यात परंपरा कसली? दोन्ही बाजू आल्या तर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’च लिहा.

क्रियापदांचा काळही सांभाळा. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या राज्यांच्या कायद्यांची बाजू त्यांनी 2003 च्या सुमारास, वकील असताना, लेख लिहून घेतली. ते ‘घेतात’ नव्हे, ‘घेतली होती’. स्पीकर झाल्यावर समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाबद्दल त्यांनी कायद्याचा मान राखतो अशी भाषा वापरली. मत बदललं असं त्यांनी म्हटलेलं नाही, म्हणून ‘भूमिका बदलली’ हेही लिहिता येणार नाही.

अडलेला_अनुवाद:
सगळ्यांचे आभार. सुधारलेला खर्डा:

“सदर्न बाप्टिस्ट पंथाचे, सुवार्तावादी श्रद्धेचे कॉन्झर्व्हेटिव्ह नेते आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांचं लग्न लुइझियानातल्या ‘कव्हनंट विवाह’ कायद्याखालचं, म्हणजे घटस्फोटाच्या वाटा मुद्दाम अरुंद केलेलं. धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांची फारकत हे नावच दिशाभूल करणारं आहे, असं ते मानतात. श्रद्धेच्या आधारे कायद्यातून सवलत असावी यासाठी त्यांनी राज्यात विधेयक आणलं, तर फलनापासून व्यक्तित्व मानणाऱ्या विधेयकाचे ते सहप्रस्तावक होते.”

कायदा_कलम:
दोन कुसळं. ‘राज्यात’च्या जागी ‘लुइझियानाच्या विधानसभेत’. आणि ‘सभापती’ राहू द्या, ‘अध्यक्ष’ केलं तर वाचकाला राष्ट्राध्यक्ष वाटतील. पण आपल्याकडच्या सभापतीसारखा हा माणूस पक्षापासून अंतर राखून बसत नाही. तो बहुमतातल्या पक्षाचा नेता असतो, कोणतं विधेयक मतदानाला येणार हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. एप्रिल 2024 मध्ये युक्रेनच्या मदतीचं विधेयक जॉन्सन यांनी स्वपक्षातल्या अनेकांचा विरोध असताना सभागृहात आणलं आणि ते 311 विरुद्ध 112 मतांनी मंजूर झालं. लेखात पुढे हा प्रसंग असेल तर ‘सभापतींनी मतदान पुकारलं’ एवढ्यावर भागवू नका, ‘विधेयक मतदानाला आणलं’ असं लिहा.