हीट पंपाचं गरम पाणी परभणीच्या थंडीत आणि बोअरच्या पाण्यावर टिकेल का?

परभणीकर:
घरात सहा माणसं, पाणी बोअरचं. गीझरच्या कॉइलवर दर वर्षी क्षाराचा थर बसतो. त्याऐवजी हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घ्यावा म्हणतो. पारा १० अंशांखाली गेल्यावर गार हवेतून उष्णता येते कुठून? टाकी किती लिटरची लागेल?

लातूरकर:
आपल्याला १० अंशांची हवा गार वाटते, पण आतला आर-१३४ए गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. त्याच्यापुढे ही हवा गरमच. बाष्पीभवनाच्या कॉइलमध्ये तो हवेतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि ती उष्णता टाकीत उतरते. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ८ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढीच वीज खातो, हीट पंपाचं काम अडीच-तीन युनिटांत होतं.

प्रत्येकी ४० लिटर कोमट पाणी धरलं तर सहा जणांना ५५ अंशांचं साधारण १४० लिटर पुरतं. स्वयंपाकघर धरून २०० लिटरची टाकी घ्या. मात्र ती भरून तापायला चार-पाच तास लागतात, बटण दाबलं की गरम पाणी हा प्रकार नाही. म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ ठेवा. थंडीतही आपल्याकडे दुपारची हवा २८-३० अंशांची असते, कॉम्प्रेसरवर ताण कमी पडतो. चांगल्या पफ इन्सुलेशनच्या (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या थराच्या) टाकीत सकाळपर्यंत चार-पाच अंशच उतरतात, पहाटे लाईट गेली तरी आंघोळी होतात.

बीडकर:
खरा शत्रू थंडी नव्हे, क्षार. प्लेट एक्स्चेंजरचं (पातळ पत्र्यांच्या थरांमधून पाणी तापवणारं) मशीन घेऊच नका, त्याच्या अरुंद वाटा बुजतात. कॉइल टाकीला बाहेरून गुंडाळलेली असेल ते घ्या. तापमान ५५ च्या वर रोज नेऊ नका, ६० नंतर थर झपाट्याने धरतो. जंतूंसाठी आठवड्यातून एकदा ६० पुरे. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड वर्षाला काढून बघा, आतली तार दिसू लागली की बदला. टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी सहा महिन्यांनी उचलून पाणी सोडा, नाहीतर क्षाराने तो जाम होतो. तापताना त्यातून थोडं पाणी ठिबकतं, तो बिघाड नाही: २०० लिटर पाणी ५५ अंशांना अडीच लिटरने फुगतं.

लातूरकर:
एक राहिलं. मशीन बंद खोलीत बसवू नका, स्वतःचीच गार हवा परत ओढत बसतं. गच्चीवर, सावलीत, मागे फूटभर जागा सोडून बसवा आणि पंख्यासमोर भिंत येऊ देऊ नका.