धरणात पाणी कमी आलं तर नगरपालिकेच्या वीजदरात ते कसं धरावं? आणि कार्बनचा खर्च कुठे टाकावा?

उजेडवाट (प्रश्न)

आमच्या शहराला वीज नगरपालिकाच देते आणि दर ठरवणाऱ्या समितीत मी ग्राहकांच्या बाजूने बसते. साधारण वर्षात निम्मी वीज हायड्रोची (धरणाच्या पाण्यावरची), बाकीची लांब मुदतीच्या करारांची. पाणी चांगलं आलं की वीज उरते, नाही आलं की मार्केटमधून घ्यावी लागते आणि ती बहुतेक गॅसवरची असते, म्हणजे वरून कार्बनचा खर्चही (इंधन जाळून हवेत सोडलेल्या कार्बनसाठी मोजावे लागणारे पैसे) आलाच.

गेल्या बैठकीला एक आजोबा दोन बिलं घेऊन आले होते, एक यंदाचं, एक गेल्या वर्षीचं. युनिट जवळपास सारखेच. म्हणाले, "ताई, मी काही जास्त वापरलं नाही, मग वाढलं कशाने?" मला त्यांना सरळ उत्तर देता आलं नाही, कारण बिलात सगळं एकाच दरात मिसळून टाकलंय, पाणी कुठलं, तारा-खांब कुठले, काहीच कळत नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये ते.

आता समितीपुढे दोन मतं आहेत. एक, दर वर्षी मूळ दरच वरखाली करा. दुसरं, दर सरासरी पाण्यावर ठेवा आणि कोरड्या वर्षाचा फरक राखीव फंडातून भरा. आणि कार्बनचं काय करायचं हे तर कोणी बोलतच नाही. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

पाणीमोजणी

मी बरीच वर्षं एका वीज विभागात खरेदीच्या बाजूला काम केलंय म्हणून आधी एक गोष्ट सांगतो जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हायड्रोचा खर्च पाण्याबरोबर कमी होत नाही. धरण, टर्बाइन, माणसं, कर्जाचे हप्ते, हे सगळं पाणी असो नसो द्यावंच लागतं. कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅली प्रोजेक्ट या सरकारी धरणांची वीज घेणारी शहरं आपल्या वाट्याचा खर्च ठरलेल्या टक्क्याने भरतात, त्या वर्षी वीज किती आली याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणजे कोरड्या वर्षात धरणाचे पैसे तर जातातच आणि वर मार्केटची वीज घ्यायची.

आणि मार्केटही त्याच वर्षी महाग असतं, कारण शेजारचे सगळे पण कोरडेच असतात आणि सगळे एकाच वेळी खरेदीला उतरतात. उलट ओल्या वर्षात सगळ्यांकडेच वीज उरते, वसंतात बर्फ वितळत असताना तर भाव एवढे पडतात की विकून हातात फारसं काही येत नाही.

साध्या आकड्यांत बघा (आकडे समजण्यापुरते धरलेत). शहराला १०० युनिट लागतात, साधारण वर्षाचा खर्च १००, म्हणजे युनिटला १, आणि त्या १०० युनिटांत हायड्रोचे ५०. कोरड्या वर्षी हायड्रो २५ वर आला, २५ युनिट बाहेरून दीडपट भावाने घेतले, ३७.५ जादा गेले. ओल्या वर्षी हायड्रो ७५, जादाचे २५ युनिट निम्म्या भावाने विकले, १२.५ मिळाले. म्हणजे साधारण, कोरडं, ओलं अशा तीन वर्षांची सरासरी १०० येत नाही, १०८.३ येते. सरासरी पाण्यावर मूळ दर काढला तर तो कायम थोडा कमीच पडणार, फंडाला हळूहळू गळती लागणार आणि दोन-चार वर्षांनी एकदम मोठी दरवाढ करावी लागणार. ताई, समितीत आधी हे मांडा. दर काढताना सरासरी पाणी धरू नका, सरासरी खर्च धरा.

हिशेबनीस

वरचं अगदी बरोबर आहे. पण फक्त फंड किंवा फक्त सरचार्ज (बिलावरची जादा आकारणी) असं करू नका, दोन्ही लागतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या वीज विभागाने, सिएटल सिटी लाइटने, २०१० मध्ये दर स्थिर ठेवायला वेगळा फंड केला आणि त्याला नियम जोडला, फंड ठरावीक रकमेच्या खाली गेला की आपोआप बिलावर सरचार्ज लागतो, पुन्हा भरला की निघतो. आपोआप हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. दर वेळी समितीत मतदान घ्यायचं म्हटलं तर निवडणुकीच्या वर्षी कोणी हात वर करत नाही आणि फंड रिकामा होतो. २०२४ च्या जानेवारीत तिथे ४ टक्के सरचार्ज लागला, कारण आधीच्या वर्षी पाणी कमी होतं आणि बाहेरून वीज घ्यावी लागली होती.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने वेगळा रस्ता घेतलाय. त्यांच्याकडे हायड्रोसाठी बिलावर स्वतंत्र ओळ आहे, ती २०२२ च्या दुष्काळात लावली होती. मला ही ओळ फार आवडते, कारण आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. "यंदा पाणी कमी, म्हणून एवढे जास्त", आणि ओल्या वर्षी त्याच ओळीत वजा दिसलं पाहिजे. वजा कधी दिसलंच नाही तर लोक त्या ओळीवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

ओळ कधी बदलायची हेही आधीच लिहून ठेवा. अमेरिकेत पाण्याचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि डोंगरातला बर्फ किती हे १ एप्रिलच्या आसपास मोजलं की वर्षाचा बराच अंदाज येतो. बर्फावरच्या नद्या असतील तर निर्णय एप्रिलनंतर घ्या, जानेवारीत घाई केलीत तर मार्चच्या वादळांनी सगळा हिशेब उलटा होतो. पावसाच्या नद्यांना हे लागू नाही, तिथे पावसाळा संपल्यावर धरण किती भरलं ते बघूनच ठरवायचं.

मीटरमागचा_माणूस

माझा आक्षेप आहे. सरचार्ज नेमका त्याच वर्षी येतो जेव्हा उन्हाळा कडक असतो, पंखे-एसी जास्त चालतात आणि लोकांचं बिल तसंच वाढलेलं असतं. ज्यांच्या घराला नीट इन्सुलेशन नाही, जे भाड्याने राहतात, त्यांच्या हातात वापर कमी करणं नसतंच, त्यांना "दराचा संकेत" (दर वाढवून वापर कमी करायला सुचवणं) देऊन काय होणार?

म्हणून माझं म्हणणं असं की महिन्याचे पहिले काही युनिट सरचार्जमधून सोडा आणि उरलेला भार वरच्या वापरावर टाका. याने वसुली थोडी अस्थिर होते हे मान्य, ती झीज फंड थोडा मोठा ठेवून भरता येते. नॉर्वेत जवळपास सगळी वीज पाण्यावरची, तिथे २०२२ मध्ये धरणं खाली गेली आणि दक्षिणेत भाव खूप चढले, तेव्हा सरकारने घरगुती ग्राहकांसाठी युनिटमागे ०.७० क्रोनच्या (तिथलं चलन) वरच्या भावातला ९० टक्के भार उचलला. त्याने घरं वाचली पण वापर कमी करायचं कारणही कमी झालं, हा त्याचा दुसरा भाग. पहिले युनिट सोडून वरच्यांना पूर्ण भाव लावला तर दोन्ही साधतं असं मला वाटतं.

पाणीमोजणी

पहिले युनिट सोडायला माझी हरकत नाही, फक्त किती सोडायचे ते घरगुती मीटरच्या खऱ्या वाचनांवरून ठरवा, अंदाजाने नको.

आता कार्बनचं, ते राहूनच गेलं. "हवामानाचा खर्च" म्हणून तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, त्या सोडवून घ्या. पहिला, बाहेरून घेतलेल्या गॅसच्या विजेत बसलेली कार्बनची किंमत. कॅलिफोर्नियात हे २०१३ पासून आहे, वॉशिंग्टन राज्यात २०२३ पासून. हा खर्च कोरड्या वर्षातच वाढतो म्हणून तो पाण्याच्या ओळीतच हवा, वेगळा मूळ दरात टाकलात तर ओल्या वर्षीही लोक तो भरत राहतील. दुसरा, आगी आणि वादळं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यूहेलमजवळच्या जंगलातल्या आगीमुळे सिएटलला स्कॅगिट नदीच्या धरणांकडच्या लाइन बंद ठेवाव्या लागल्या. झाडं छाटणं, खांब बदलणं हा खर्च दर वर्षीचा आहे, तो मूळ दरात आणि उघडपणे.

तिसरा सगळ्यात अवघड. पाण्याची सरासरीच सरकतेय. २०२१ च्या ५ ऑगस्टला कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचं वीजघर पाणी नाही म्हणून बंद पडलं, धरण बांधल्यापासून पहिल्यांदा. मी पातळी उतरलेला जलाशय पाहिलाय, काठाला पाण्याने सोडलेला फिकट पट्टा, त्याखाली भेगाळलेला गाळ आणि बोटींचा धक्का पाण्यापासून लांब कोरड्यावर टेकलेला. तीस वर्षांच्या जुन्या नोंदींची सरासरी काढून "नॉर्मल" म्हणणाऱ्याने एकदा तो पट्टा बघावा. अलीकडच्या वर्षांना जास्त वजन द्या आणि दर दोन-तीन वर्षांनी सरासरी नव्याने काढा, नाहीतर तुमची पाण्याची ओळ कायम अधिकातच राहील आणि मग ती छुपी दरवाढच झाली.

उजेडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळपासून तीनदा वाचलं. तो १०८.३ चा हिशेब तर आमच्याच आकड्यांवर करून पाहिला, गेली सहा वर्षं घेतली, फरक थोडा कमी निघाला पण दिशा तीच. म्हणजे आम्ही पहिल्यापासूनच कमी धरत होतो.

पुढच्या बैठकीत असं मांडतेय: मूळ दर सरासरी खर्चावर, फंडाला खालची मर्यादा आणि आपोआप सरचार्ज, बिलावर पाण्याची वेगळी ओळ (कार्बनसकट, आणि वजाही होणारी), पहिले युनिट मोकळे. एकच अडलंय. ओल्या वर्षी आलेले पैसे लगेच लोकांना परत द्यायचे की आधी फंड भरायचा? आमचा फंड आत्ता अर्धाच आहे.

हिशेबनीस

अर्धाच असेल तर दोन वाटे करा, मोठा फंडात आणि छोटा का होईना पण बिलावर वजा. अगदी किरकोळ रक्कम असली तरी ती ओळ एकदा वजा झालेली लोकांना दिसू दे. आजोबांना ते बिल तुम्ही स्वतः दाखवा.