प्रति: पाच नंतर मुलांना बाहेर न्या

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजले की पोरांना बागेत न्यायचं आणि भरपूर पाणी पाजायचं. पाण्याचं पटतंय, पण पाचची वेळ आपल्या सोलापूरला चालत नाही हो. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, त्यातही सगळ्यात जास्त तापमान दुपारी तीन-चारच्या सुमाराला असतं, म्हणजे पाचला दगड, फरशी, लोखंड सगळं भाजतच असतं. मागच्या वर्षी एका बागेतल्या घसरगुंडीवर माझ्या भाचीच्या मांड्या चांगल्याच पोळल्या, तेव्हापासून मी आधी स्वतः हात लावून बघते मगच पोरांना वर सोडते.

आणि नुसतं पाणी पण पुरत नाही. आपली हवा कोरडी, घाम आला तरी लगेच वाळतो, मुंबईसारखा अंगाला चिकटत नाही, त्यामुळे पोरांच्या अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही, लघवी गडद पिवळी झाली की समजायचं कमी पडतंय. भाची त्याच आठवड्यात खेळून आली आणि डोकं दुखतंय म्हणत उलट्या काढायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी घरचंच पाणी करायला सांगितलं, १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि तोच चमचा सपाट अर्धा मीठ, घोट घोट द्यायचं. मीठ अंदाजानं टाकू नका, लहान पोरांना जास्त झालं तर त्रास होतो.

आता आम्ही सकाळी सहालाच सिद्धेश्वर तलावाकडं जातो, आजी-आजोबा पण येतात, आणि आठच्या आत घरी.