मदत हवी आहे: बाजारपेठेलगतच्या मिश्र वापराच्या प्रकल्पाचा मसुदा कसा तपासावा?

कोपऱ्यावरचा
शहराच्या मुख्य बाजारपेठेला खेटून असलेल्या 4 हेक्टर जागेवर मिश्र वापराचा प्रकल्प येऊ घातलाय. खाली दुकानं, त्यावर कार्यालयं, सगळ्यात वर घरं. मसुद्यातले आकडे असे: 600 सदनिका, 30,000 चौ.मी. कार्यालयं, 9,000 चौ.मी. दुकानं आणि उपाहारगृहं, 820 गाड्यांचा वाहनतळ. सोबत एक ओळ: 'वाहनतळ सामायिक असल्याने पुरेसा आहे.' लेखी हरकती द्यायला तीन आठवडे आहेत. उंची आणि सावली यांवर सगळेच लिहितायत. त्यापलीकडे नेमकं काय बघायचं?

नकाशेवाला
रंगीत चित्रं बाजूला ठेवा, त्यांत झाडं नेहमी पूर्ण वाढलेलीच असतात. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतले मजले दाखवणारा नकाशा, मागा.

आधी तळमजला. दुकानांसाठी स्लॅब ते स्लॅब साधारण 4.5 मी. उंची लागते. ती 3.3 मी. दाखवली असेल तर बीम, एसीचे डक्ट आणि स्प्रिंकलरचे पाइप गेल्यावर हाताला छत लागेल.

मग उपाहारगृहं. स्वयंपाकघराचा धूर नेणारा डक्ट शक्यतो सरळ उभा, गच्चीच्या वरपर्यंत जायला हवा. त्याचा शाफ्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांतून जाणारी उभी पोकळी, आज नकाशात नसेल तर नंतर तो घरांतून काढता येत नाही. मग धूर बाजूच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि वरच्या खिडक्यांत शिरतो. लांब आडव्या डक्टमध्ये तेलाचा थर साचतो, आणि आगीला तेवढं पुरतं. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) कुठे आहे आणि तो उपसायला गाडी तिथवर पोचते का, तेही विचारा.

अजून एक. तळघरात दोन खांबांमध्ये तीन गाड्या बसवायच्या तर खांब 8 मी.च्या आसपास अंतरावर येतात. घरांच्या भिंती त्या मापात बसत नाहीत. म्हणून मधे ट्रान्सफर मजला, म्हणजे वरच्या भिंतींचा भार खालच्या खांबांवर वळवणारा मजला, घालतात; त्याचे बीम दीड-दोन मीटर खोल असू शकतात. भिंती आणि खांब जुळत नसूनही सेक्शनमध्ये तो मजला नसेल, तर दाखवलेली एकूण उंची खरी धरू नका.

वाहनमोजणी
'सामायिक' या शब्दाचा हिशेब तासाप्रमाणे मांडावा लागतो. नमुन्यादाखल धरा: सदनिकेला 1 जागा, कार्यालयाला 50 चौ.मी.मागे 1, दुकानांना 30 चौ.मी.मागे 1. बेरीज 600 + 600 + 300, म्हणजे 1,500.

कामाच्या दिवशी सकाळी 11: घरांच्या निम्म्या गाड्या (300), कार्यालय पूर्ण (600), दुकानं 60 टक्के (180). एकूण 1,080.
संध्याकाळी 7: 480 + 150 + 300 = 930.
रात्री 10: 600 + 30 + 150 = 780.

खरी कसोटी सकाळची. 820 जागा 260ने कमी पडतात. बस-रेल्वे जवळ असेल तर हे दर खाली येतील, पण मग ते किती धरले आणि का, हे मसुद्यात लिहिलेलं असायला हवं.

कोपऱ्यावरचा
परिशिष्टात सापडलं: 'प्रत्येक सदनिकेस एक राखीव जागा.' याने फरक पडतो?

वाहनमोजणी
सगळा फरक तिथेच आहे! राखीव जागा दिवसा रिकामी असली तरी दुसऱ्याला वापरता येत नाही. सकाळचा आकडा 600 + 600 + 180 = 1,380 होतो, तूट 560. एकाच मसुद्यात 'राखीव' आणि 'सामायिक' दोन्ही शब्द आहेत, हीच तुमची पहिली हरकत.

मात्र मागणी 'वाहनतळ वाढवा' अशी करू नका. 560 जागा वाढल्या की तेवढ्या जादा गाड्या रोज बाजारपेठेच्याच रस्त्यांवर येतील. सदनिका आणि पार्किंग वेगवेगळे विकावेत, जागा मासिक भाड्याने द्याव्यात आणि तरीही तूट राहिली तर कार्यालयाचं क्षेत्र कमी करावं, असं लिहा.

नकाशेवाला
मालाच्या ट्रकचाही विचार करा. 10-12 मी. लांबीचा ट्रक आवारात शिरून, वळून, तोंड पुढे करूनच बाहेर पडला पाहिजे. वळणाची रेघ नकाशात नसेल तर तो रस्त्यावरून उलटा येणार आणि रोज पदपथ अडणार. त्याला सुमारे 4.5 मी. मोकळी उंची लागते, गाड्यांच्या तळघराला ती क्वचितच असते. कचऱ्याच्या गाडीचंही तेच.

कोपऱ्यावरचा
आणि 9,000 चौ.मी. दुकानं चालतील का?

नकाशेवाला
सदनिकेत अडीच माणसं धरली तर रहिवासी 1,500, माणशी 6 चौ.मी. दुकान. तेवढ्या गिऱ्हाइकावर ती उभी राहणार नाहीत. बाजारपेठेतून पायी येणारी वर्दळ लागेल. म्हणून प्रत्येक दुकानाचं दार कुठे उघडतं ते मोजा. जुन्या रस्त्यावर उघडणारी टिकतात, आतल्या चौकातली आधी ओस पडतात. आतलीच जास्त निघाली तर ती कमी करून रस्त्याकडे दर 8-10 मी.ला एक दार मागा. बांधकामाचे टप्पेही बघा: रस्त्याकडची बाजू शेवटच्या टप्प्यात ढकलली असेल तर तोवर बाजारपेठेसमोर पत्र्याचं कुंपण राहील.