प्रतिसाद: कोकम आगळाचा ब्रँड आणि वापराचा पुरावा

ताई, तुमच्या आगळाच्या ब्रँडच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी करताना अर्जात ‘वापर प्रस्तावित’ (म्हणजे नाव अजून वापरलेलं नाही, पुढे वापरणार) लिहा, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. पण मालवणात 2016 पासून याच नावाने आगळ विकताय, तर तसं लिहू नका. तसं लिहिलं की अर्जासोबत पुरावा मागत नाहीत हे खरं, पण तुमची इतक्या वर्षांची मेहनत कागदावर येतच नाही. उद्या दुसऱ्याने तेच नाव घेतलं, तर आधीपासूनचा वापर हाच तुमचा मोठा आधार. ट्रेडमार्क कायदा 1999 चं कलम 34 त्यासाठीच आहे.

2017 च्या ट्रेडमार्क नियमांतील नियम 25 नुसार आधीच्या वापराचा दावा केला की प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रं जोडावी लागतात. इथेच आपल्याकडचे घरगुती उद्योग अडकतात. ‘आगळ, 2 डझन बाटल्या’ एवढंच लिहिलेलं बिल विक्री दाखवतं, नाव दाखवत नाही. बिलावर ब्रँडचं नाव आणि तारीख दोन्ही हवं. लेबलं छापणाऱ्याचं जुनं बिल शोधाच, त्यावर बहुतेक वेळा नाव असतं. मुंबईच्या दुकानदाराला पाठवलेली चलनं, जत्रेतल्या स्टॉलची जाहिरात, ग्राहकांचे तारखेसकट मेसेज, सगळं जोडा. वापर सुरू झाल्याची तारीख म्हणून सगळ्यात जुन्या कागदावरची तारीखच लिहा. प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं.

आणि कोकमाला भौगोलिक मानांकन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते प्रदेशाच्या नावाचं रक्षण करतं, तुमच्या ब्रँडचं नाही.

नोंदणीनंतरही बिलं जपा. सलग 5 वर्षं वापर नसेल तर कलम 47 खाली ज्याला त्या नोंदणीची झळ बसते असा कुणीही नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकतो.