मम्मी गेल्यानंतरचा पहिला नाताळ, स्टार लावायचा की नाही?

वेंगुर्ल्याची_सध्या_पुण्यात (३० नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही कॅथलिक, माहेर वेंगुर्ल्यापासून जरा आत, मी लग्न होऊन पुण्यात. जूनमध्ये, ऐन पावसात, मम्मी गेली. आज आगमनकाळाचा (नाताळआधीचे चार आठवडे) पहिला रविवार, चर्चमध्ये पहिली जांभळी मेणबत्ती पेटली आणि माझं पुढच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लक्षच लागलं नाही, डोक्यात एकच, की यंदा घरी काय करायचं.

मोठे काका फोनवर सरळ म्हणाले, "स्टार कशाक होयो? वर्ष होवंदे." म्हणजे दारावरचा आकाशकंदिलासारखा स्टार नाही, येशूजन्माचा देखावा मांडतो तो गोठा नाही, गोड नाही. पप्पा काहीच बोलत नाहीत, ते "तुमी काय तां ठरवा" म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि माझी मुलगी सहा वर्षांची, तिचं रोज चालू असतं की आजीच्या घरी गोठ्यात गवत घालायला कधी जायचं.

दुसरा प्रॉब्लेम खाण्याचा. दिवाळीच्या सुट्टीत गेले होते तेव्हा मम्मीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, त्यात करंज्यांचं कातणं, बोलिन्हांचा (नारळाच्या बिस्किटांचा) साचा आणि कुलकुलांची लाल प्लास्टिकची फणी, मैद्याचे गोळे तिच्यावर दाबून वळायचे आणि तळायचे की झाली कुलकुलं. ती फणी कधी कुणाच्या केसाला लागलेली नाही, आम्ही हात लावला तरी ओरडायची. दातांमध्ये गेल्या वर्षीचा मैदा वाळून बसलाय, मी तो काढलाच नाही, तशीच ठेवून दिली परत. कुलकुलं मला येतात थोडीफार पण दोदोल, म्हणजे तांदूळ, गूळ आणि नारळाच्या रसाची घट्ट मिठाई, अजिबात येत नाही. मम्मीला विचारलं की म्हणायची "अंदाजान घालूचा", आता अंदाज कुणाला विचारू?

तर, तुमच्याकडे दुखवट्याच्या वर्षी काय करतात? आणि कुणाला दोदोल येत असेल तर नीट सांगा प्लीज.

---

वसईची_वाडी

आधी तुझ्या मम्मीच्या आत्म्याला चिरशांती लाभो. आमच्याकडे बाबा गेले ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नाताळ अगदीच तोंडावर होता. आमच्याही घरात दोन पार्ट्या पडल्या. शेवटी फादरना विचारलं तर ते म्हणाले, दुखवटा पाळायचा तो लाउडस्पीकर, पार्टी, नवे कपडे यांच्यात पाळा, गव्हाणीवर कसला बहिष्कार? आणि ते पटलं मला. संत फ्रान्सिस असिसीकरांनी इटलीत ग्रेच्चोला १२२३ मध्ये पहिला गोठा मांडला त्यात काय होतं, तर चाऱ्याची गव्हाण, बैल आणि गाढव. लायटिंग, कारंजं, थर्माकोलचा बर्फ हे आपण नंतर घुसडलं. तेवढा साधा मांडायला कुठल्या काकांची हरकत असणार? (असेल म्हणा, काका मंडळींना असतेच!)

आम्ही मुलांना नाचणी पेरायला दिली, नारळाच्या करवंट्यांत. १४-१५ तारखेला पेरली तर २४ पर्यंत बोटभर वर येते आणि गोठ्याभोवती शेत तयार होतं. रोज पाणी घालायचं काम पोरीला दे, आठवडा त्यातच जातो त्यांचा.

अजून एक, मम्मीच्या नावाने मिस्सा ठेवायची असेल तर चर्चच्या ऑफिसात आताच नाव दे. १६ ते २४ नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असतो, त्या दिवसांतली इंटेन्शन्स, म्हणजे कुणाच्या नावाने मिस्सा ते, लवकर भरतात. आम्ही उशीर केला आणि बाबांची थेट जानेवारीत मिळाली, आई अजून ऐकवते.

---

माडाखालचो

काकांचं पूर्ण चूक नाही हो. स्टार लावला म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगितलं की घरात आनंद आहे, या. ज्या घरात तसा नाही तिथे तो लावायचा नाही, इतकी साधी पद्धत होती ती. आमच्याकडे सावंतवाडी बाजूला अजून बरेच जण पाळतात. मी स्वतः आई गेली तेव्हा लावला नव्हता आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही, उलट काळोखा व्हरांडा बघून वाडीतली माणसं चौकशीला आली. पोरीसाठी गोठा करा, स्टार राहूदे एक वर्ष. मला तरी असं वाटतं.

---

पेंडूरकर_सून

मी हिंदू, मालवण तालुक्यातली, मध्येच बोलतेय. आमच्याकडे माणूस गेल्याच्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढत नाही, पण म्हणून फराळ नसतो असं नाही, शेजारपाजारचे आणि पाहुणे डबे घेऊन येतात. सासरे गेले तेव्हा सगळ्यात पहिला डबा आमच्या पलीकडच्या ख्रिश्चन मावशींचा आला. सासूबाई नको नको करत होत्या तर मावशी म्हणाल्या, "कढई चढूक नाय म्हणान पोरांनी खावचा नाय काय?" आणि चकलीचा डबा ओट्यावर ठेवून गेल्या पण. चकल्या किंचित मऊ होत्या, खरं सांगायचं तर. पण संपल्या.

तुमच्यातही मला वाटतं तसंच असतं ना, दुखवट्याच्या घरी नाताळचं ताट बाहेरून येतं? मग पद्धत नुसती "करू नका" अशी नाहीच आहे, "तुम्ही करू नका, आम्ही आणतो" अशी आहे. अर्धीच लक्षात ठेवली की ती कडू लागते. आलेलं घ्या.

---

वेंगुर्ल्याची_सध्या_पुण्यात

@पेंडूरकर_सून हो गं, ताट येतं. मम्मी स्वतः न्यायची अशा घरी, नेवऱ्या, दोस, बाथ, सगळं क्रोशाच्या रुमालाखाली झाकून. पण मग परत काय द्यायचं? मम्मीने आयुष्यात कुणाची बशी रिकामी परत केली नाही.

---

पेंडूरकर_सून

मूठभर साखर घालून दे. नाहीतर परसातली चार केळी.

---

टोपभर_दोदोल

दोदोलचं कुणीच सांगितलं नाही म्हणून मी सांगते, स्टारचं तुमचं तुम्ही बघा.

अर्धा किलो तांदळाचं पीठ, एक किलो माडाचा गूळ (काळा, उसाचा घेऊ नका, रंगही येत नाही आणि तो धुरकट वासही नाही), नारळ चार मोठे किंवा पाच मध्यम, चिमूट मीठ, थोडे काजूचे तुकडे. नारळाचा पहिला घट्ट रस बाजूला. दुसऱ्या पातळ रसात गूळ विरघळवून गाळून घ्यायचा, गाळायचाच, माडाच्या गुळात कचरा असतो. पीठ त्यात थंड असतानाच कालवायचं, गरम झाल्यावर घातलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मग जाड बुडाचा टोप आणि मंद आच. घट्ट रस थोडा थोडा मधूनमधून.

आता खरं काम. हात थांबवायचा नाही. पहिला अर्धा तास वाटतं काय सोपं आहे, नंतर ते पचाक पचाक उडायला लागतं आणि हातावर पडलं की चिकटून भाजतं, म्हणून पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला आणि लांब दांड्याचा लाकडी उलथणा घ्या. साधारण दोन-अडीच तास. पीठ, तेल, गोळा असं रूप बदलत जातं. कडेने तेल सुटायला लागलं आणि गोळा टोपाला सोडून उलथण्याबरोबर फिरायला लागला की केळीच्या पानाच्या तुकड्यावर थोडा टाकायचा, गार झाल्यावर पान सोडून सुटा निघाला तर झालं. चिकटला तर अजून वीस मिनिटं, रडत रडत.

एकटीने करू नकोस. आमच्याकडे तिघं लागतात, दोघं आळीपाळीने ढवळायला आणि एक गप्पा मारायला. पप्पांना ढवळायला बसव, टीव्ही बंद होईल आपोआप.

---

वेंगुर्ल्याची_सध्या_पुण्यात (२२ डिसेंबर)

अपडेट देते. आंबोलीवरून गेल्या शनिवारी आलो, धुकं एवढं की मुलगी म्हणाली गोठ्यातला कापूस. नाचणी पुण्यातच पेरून गाडीतून आणली, दोन करवंट्या वळणावर कलंडल्या, बाकीच्या ठीक. मम्मीची मिस्सा १९ ची मिळाली.

स्टार लावला नाही. काका येऊन गोठा बघून गेले, काही बोलले नाहीत, जाताना मेंढराची मान सरळ करून गेले.

दोदोल केलं काल. पप्पांनी पाऊण तास ढवळलं आणि मध्येच म्हणाले, गूळ कमी पडलाय, ती अजून एक भेली घालायची. म्हणजे अंदाज यांना माहीत होता एवढे महिने! घातली, आणि बरोबर निघालं. तेल जरा जास्त सुटलं, पण पान सोडून आलं एकदम.

कुलकुलांचा पहिला घाणा तळताना उकलला, कडा नीट दाबल्या नव्हत्या. फणी शेवटी धुतली, टाचणीने मैदा काढला, मुलगीच चालवत होती ती सगळा वेळ. दोन दात मोडले तिच्या हातून. घाबरून पप्पांकडे बघायला लागली, तर ते म्हणाले, "अजून आसत खूप, कर." तेवढ्या जागी कुलकुलावर रेघा येत नाहीत, सपाट पट्टा येतो, आता ओळखू येतात तिची कुठली ते.