जडकिन्स की हेंडरसन? नुसते यार्ड मोजू नका
अमेरिकन फुटबॉलमधल्या ओहायो स्टेट या विद्यापीठ संघाकडे 2024 च्या मोसमात चेंडू घेऊन धावणारे दोन खेळाडू होते; त्यात यार्ड जास्त म्हणून क्विनशॉन जडकिन्सच सरस, असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. जडकिन्सने 194 वेळा चेंडू घेऊन धावत 1,060 यार्ड काढले, ट्रेव्हियन हेंडरसनने 144 वेळांत 1,016. पन्नास संधी कमी मिळूनही फरक जेमतेम 44 यार्डांचा!

शिवाय हेंडरसनची खरी किंमत चेंडू हातात नसताना कळायची. क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्या विल हॉवर्डवर, चालून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूला तो छातीवर घ्यायचा आणि हॉवर्डला पास टाकायला तेवढा क्षण मिळायचा. आकडेवारीच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. टेक्सासविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर छोटासा पास घेऊन तो 75 यार्ड सुसाट गेला, तेही विसरू नका.

मिशिगनकडून 13-10 हरलो तेव्हा दोघेही अडकले, पण तो दोष त्यांच्या माथी नको. पुढच्या फळीतले सिमन्स आणि मॅक्लॉफलिन जायबंदी होते, धावायला वाट करून देणारी ही फळीच खिळखिळी झाली होती.

जडकिन्सही मोठाच. नोटर डेमविरुद्धच्या अंतिम सामन्यात 11 वेळांत 100 यार्ड आणि एकूण तीन टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेणं)! गोल लाइनजवळ मी त्यालाच चेंडू दिला असता. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा, तेव्हा बहुधा पास टाकतात) मात्र हेंडरसनच हवा होता.